अक्काची रिंग

परदेशी जायचं तर कुठला फोन घ्यावा, कुठलं सिम टाकावं, हे विचारायला आमच्या ऑफिसातले लोक आता माझ्याकडे येतात. एकच प्रीपेड फोन तीन खंडांत चालवून आलेला माणूस म्हणून माझा थोडा लौकिक झाला आहे. मीही शहाण्यासारखा खुर्चीत मागे टेकून सांगतो. अमेरिकेकडचे नेटवर्कचे बँड वेगळे असतात, फोन घेताना ते तपासून घ्या. विमानतळावर सिम घ्यायला रांगेत उभे राहू नका. दोन सिमचाच फोन घ्या. एवढं सगळं सांगतो, आणि जे सांगायला हवं तेवढं सोडून देतो. ते इथे लिहितो आहे, कारण तोंडाने सांगायची माझ्यात हिंमत नाही.

मी जळगावात केळीच्या रोपांच्या एका प्रयोगशाळेत नोकरीला आहे. काचेच्या बाटलीत बोटभर रोप वाढवायचं, ते बाहेरच्या हवेला सरावलं की शेतकऱ्याच्या हाती द्यायचं, हे आमचं काम. निवृत्तीला दोन वर्षं उरली आहेत. अंगावर इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, बोलणं छापील. या छापील बोलण्याचा मला अभिमान होता, हे आधीच कबूल करून टाकतो.

माझी बहीण, अक्का, माझ्याहून चौदा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मी चार वर्षांचा होतो. अक्काचं लग्न झालं होतं, पण वर्षाच्या आत नवरा गेला आणि ती भडगावजवळच्या आमच्या गावी परत आली ती कायमची. मला गिरणा नदीच्या पाण्यात न्हाऊ घालणं, माझ्या डोक्यातल्या उवा काढणं, शाळेच्या वेळेला मला शेतातून हुसकून लावणं, सगळं तिनेच केलं. स्वतः ती एक दिवसही शाळेत गेली नाही. आता सत्तरी ओलांडली तरी ती गावातल्या त्याच घरात एकटी राहते. जळगावला ये म्हटलं की म्हणते, तुमच्या फरशीवर माझे पाय घसरतात.

नऊ वर्षांपूर्वी मी तिला बटणांचा फोन नेऊन दिला. तिला आकडे वाचता येत नाहीत, म्हणून दोनचं बटण दाबून धरलं की माझाच नंबर लागेल अशी सोय करून दिली. त्या बटणावर बायकोच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका लावला. मग तिला नियम शिकवले. संध्याकाळी देवापाशी दिवा लावला की एक रिंग द्यायची आणि कापायची. म्हणजे अक्का बरी आहे, जेवण झालं, काळजी नाही. थोड्या थोड्या वेळाने दोन रिंगा म्हणजे, भाऊ, सवडीने फोन कर. आणि लागोपाठ तीन रिंगा म्हणजे हातातलं काम टाकून ये, तुला येता येत नसेल तर कुणाला तरी पाठव. आमच्या भागात मिस्ड कॉलवर बरेच संसार चालतात, पण इतकी पक्की पद्धत कुणाची नसेल असं मला वाटायचं. कॅन्टीनमध्ये मी ती लोकांना ऐकवायचो. बहिणीची, असं न म्हणता गावाकडच्या एका म्हातारीची म्हणून ऐकवायचो. तेव्हा त्यात मला काही वावगं वाटलं नव्हतं.

तीन रिंगा तिने नऊ वर्षांत एकदाच दिल्या होत्या. कडब्याच्या गंजीला आग लागली तेव्हा. मी मोटारसायकलला टाच मारली आणि दीड तासात गावात पोचलो. तोवर लोकांनी आग विझवलीही होती. पण अक्काला आगीचं काही नव्हतं. जमलेल्या बायांना ती सांगत सुटली होती, “देखा, तीन रिंगा दिध्या नि भाऊ उना.” त्या दिवसापासून तिचा त्या तीन रिंगांवर देवावर असावा तसा विश्वास बसला.

आता दिवाणखान्यातला प्रसंग सांगतो, कारण पुढचं सगळं तिथून सुरू झालं. आमच्या कंपनीच्या पाहुणेघराला आम्ही दिवाणखाना म्हणतो. तिथे बाहेरच्या देशांतले सात-आठ पाहुणे बसले होते, आमचे मोठे साहेब होते, आणि मी माझ्या फोनवरून भिंतीवर रोपांची चित्रफीत दाखवत होतो. फोन खोलीतल्या मोठ्या स्पीकरला जोडलेला होता. त्याआधी दोन दिवस अक्काने दोन-दोन रिंगा दिल्या होत्या आणि मी फोन केला नव्हता. पाहुणे येणार म्हणून धावपळ होती, हे कारण. तर ऐन चित्रफितीच्या मध्यात भिंतीवर ‘अक्का’ अशी भली मोठी अक्षरं उमटली. मी घाईने कापायला गेलो आणि बोट उलट्या बाजूला सरकलं. सगळ्या खोलीत अक्काचा आवाज भरला.

“भाऊ, दादर दळी ठेयेल शे. दोन दिन रिंगा दिध्या, तुन्हा फोन उना नही. तब्येत बरी शे ना?”

दादर म्हणजे आमच्याकडची ज्वारी. ती दळून ठेवली आहे, एवढंच तिचं म्हणणं. तिला फोनवर ओरडून बोलायची सवय, जणू भडगावाहून थेट जळगावला हाक मारायची आहे. आमच्या खात्यातला एक तरुण अधिकारी हसला. साहेबही हसले. पाहुणेही हसले, पण ते चांगल्या मनाने हसले, हे मला आता कळतं. त्यांच्यातल्या एका बाईंनी कौतुकाने विचारलं, कोण होतं हे?

मी म्हणालो, “गावाकडची एक बाई.”

एवढं बोलून मी चित्रफीत पुढे सुरू केली. माझे कान तापले होते. तेव्हा मला वाटलं, हा अक्कावरचा राग आहे.

महिन्याभराने दौरा ठरला. आधी केनिया, मग हॉलंड, मग इक्वेडोर, सगळीकडे केळीची शेतं आणि बंदरं. एकोणीस दिवस, आम्ही तिघे. त्या तरुण अधिकाऱ्याचंही नाव त्यात होतं. साहेब म्हणाले, प्रत्येकाने आपापल्या फोनची व्यवस्था करा, पण तिन्ही खंडांत चालेल असा प्रीपेड घ्या. मी दुसऱ्याच दिवशी बाजारातल्या माझ्या ओळखीच्या दुकानात गेलो. दुकानदार माझ्याच वयाचा. पूर्वी तो कॅसेटी भाड्याने द्यायचा, त्या गेल्या तसा मोबाइलकडे वळला. मी त्याला शेठ म्हणतो, तो मला साहेब.

शेठने काउंटरवर तीन फोन मांडले आणि चष्मा कपाळावर चढवला. या माणसाला घाई नसते. एक फोन त्याने लगेच उचलून बाजूला ठेवला, हा इक्वेडोरमध्ये निम्म्या ठिकाणी रेंज धरणार नाही म्हणाला. उरलेल्यांतला एक चांगला होता. मग सिमचं बोलणं निघालं. प्रत्येक देशात उतरून तिथलं सिम घेता येईल, पण दर वेळी नंबर बदलेल. आपलंच जुनं सिम रोमिंगवर ठेवता येईल. किंवा ते नवीन, फोनच्या आतच बसणारं, फक्त इंटरनेटचं. सगळ्या खंडांत एकच चालतं, इथूनच भरून जायचं, पण त्याला बोलायचा नंबर नसतो. मी आधीच वाचून गेलो होतो, त्यामुळे मधे मधे माझं ज्ञान पाजळत होतो. शेठ ऐकून घेत होता.

मग त्याने विचारलं, “साहेब, हे सगळं राहू द्या. आधी हे सांगा, तुम्हाला फोन कोण करणार?”

फोन निवडताना विचारावा असा हा एकच प्रश्न आहे, असं मला आज वाटतं. तेव्हा मी पटकन म्हणालो, “ऑफिस. घरचे. सगळे व्हॉट्सअॅपवरच आहेत.”

“सगळे?”

“सगळे.”

त्याने चष्मा डोळ्यांवर घेऊन माझ्याकडे बघितलं. अक्काचा फोन मी त्याच्याकडूनच घेतला होता. तो लाल ठिपका लावताना मी त्याच्याच काउंटरवर वाकलो होतो. त्याला रिंगांची सगळी गोष्ट माहीत होती.

“मग असं करू,” तो म्हणाला, “इंटरनेटचं हे नवीन टाकू, आणि तुमचं जुनं सिम दुसऱ्या खाचेत राहू देऊ. रोमिंग चालू करून देतो. कुणाचा फोन आला तर उचलू नका, उचलला नाही तर काही लागत नाही. पण मिस्ड कॉल तर दिसेल ना. कुणी आठवण केली एवढं तर कळेल.”

इतका सरळ उपाय होता तो. मला कुठलीच तोशीस पडणार नव्हती. ना खर्चाची, ना वेळेची, ना कसली. फक्त रोज एकदा, कुठल्याही देशात, कुणाच्याही समोर, माझ्या फोनच्या पडद्यावर ‘अक्का’ अशी अक्षरं उमटली असती. तो तरुण अधिकारी एकोणीस दिवस माझ्या शेजारी बसणार होता.

“नको,” मी म्हणालो. “जुनं काढूनच टाका. उगाच घोळ नको.”

निघायच्या दिवशी सकाळी नवा फोन घ्यायला गेलो, तेव्हा शेठने माझ्या जुन्या फोनची खाच पिनेने उघडली, सिम काढलं, एका कागदाला चिकटपट्टीने चिकटवलं आणि पासपोर्टच्या फोटोंच्या पाकिटात घालून माझ्या हातात दिलं. घरी येऊन मी ते पाकीट कपाटात कपड्यांखाली ठेवलं. खाली का ठेवलं, हे मलाच माहीत.

त्याच्या दोन दिवस आधी मी गावी जाऊन आलो होतो. अक्काने बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, बांधून ठेवल्या होत्या, जुन्या साडीच्या फडक्यात. तिकडे नेता येणार नाहीत म्हटलं तर तिला पटेना. मग ती समोर पाटावर बसली आणि तिने फोन पुढे केला.

“भाऊ, मन्ही रिंग तठे जाई का?”

खरं सांगायची हीच वेळ होती. अक्का, एकोणीस दिवस तो नंबर बंद राहील, काही लागलं तर शेजारच्या काकूंना सांग, एवढी दोन वाक्यं. पण ती विचारणार, बंद काबर? आणि त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. म्हणजे होतं, पण ते तिला देता येण्यासारखं नव्हतं.

“जाते ना अक्का,” मी म्हणालो. “जगात कुठेही जाते. तू नेहमीसारखी देत जा. मी बघत जाईन. फक्त मी उलट फोन करणार नाही, तिकडे फार काम असतं.”

“तठे तव्हय किती वाजतीन?”

मी तिला तिन्ही देशांची वेळ सांगितली. तिने ती लक्षात ठेवायचा प्रयत्न केला, मग हसून सोडून दिला. म्हणाली, “मन्ही सांजवात ती सांजवात. तू तठे काम करजो.”

एक गोष्ट आणखी. ती माझ्याशी अहिराणीत बोलते आणि मी तिला छापील मराठीत उत्तर देतो. असं कधीपासून सुरू झालं मला आठवत नाही. तिने कधी त्याबद्दल विचारलं नाही.

नैरोबीला पहिल्या दिवशी दुपारी साडेचार वाजता मला आठवलं, आता अक्का दिवा लावून बटण दाबत असेल. दुसऱ्या दिवशीही आठवलं. तिसऱ्या दिवशी आम्ही एका मळ्यात होतो, तेव्हा आठवलं नाही. हॉलंडला पोचेपर्यंत मी ते पूर्ण विसरलो होतो. आणि इथे लिहायलाही मला लाज वाटते, पण मला फार मोकळं वाटत होतं. फोन उत्तम चालत होता. तिन्ही खंडांत एकदाही अडला नाही. मी बंदरातले फोटो टाकत होतो, ऑफिसातले लोक अंगठे दाखवत होते. त्या तरुण अधिकाऱ्याने दर देशात नवीन सिम घेतलं होतं आणि दर वेळी त्याची तारांबळ उडत होती. मी त्याला दोनदा तरी ऐकवलं, आधी नीट विचार करून फोन निवडायचा असतो.

सतराव्या दिवशी सकाळी आम्ही इक्वेडोरमध्ये केळी धुण्याच्या एका मोठ्या शेडमध्ये उभे होतो. पाण्याच्या टाक्यांत हिरवे घड तरंगत होते, यजमान काही समजावत होते. त्या तरुणाचा फोन वाजला. त्याने वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि मला बाजूला घेतलं.

“सर, ऑफिसचा निरोप आहे. तुमच्या नंबरवर कुणाचाच फोन लागत नाहीये म्हणून गावच्या शिक्षकांनी ऑफिसला कळवलं. तुमची बहीण पडली आहे. भडगावला दवाखान्यात नेलंय, तिथून जळगावला आणतायत.” मग त्याने विचारलं, “सर, तुम्हाला बहीण आहे?”

त्याने ते टोचून विचारलं नव्हतं. त्याला खरंच माहीत नव्हतं. आठ वर्षं एका खात्यात, एका कॅन्टीनमध्ये जेवून त्याला माहीत नव्हतं. मी आहे म्हणालो. मोठी आहे म्हणालो. त्याने विचारलं, “त्या दिवशी फोन आला होता त्या का?” मी मान हलवली. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि तो हात मला सहन झाला नाही.

माझी बायको तेव्हा मुलीच्या बाळंतपणासाठी पुण्याला होती. ती निघून जळगावला आली, तिनेच कागदांवर सह्या केल्या, ऑपरेशन होऊन गेलं. मी दोन दिवसांनी पोचलो. सामान घेऊन तसाच दवाखान्यात गेलो. अक्काच्या खुब्याचं हाड मोडलं होतं. ती पलंगावर इतकी लहान दिसत होती की मी दारातच थांबलो. शेजारच्या काकू गावाहून तिच्यासोबत आल्या होत्या, त्यांनी मला बाहेर बाकावर बसवून सगळं सांगितलं.

कापूस वेचणीचे दिवस. सकाळी नऊला गल्ली रिकामी होते, सगळे शेतात. अक्का अंगणात पाण्याची घागर उचलायला गेली आणि पडली. फोन कमरेला पिशवीत होता. दुपारी दोनला काकू चाळण परत द्यायला गेल्या तेव्हा ती भिंतीला टेकून जमिनीवर बसलेली होती. पाय विचित्र वळलेला.

“मी म्हणनू, अक्का, हाक काबर मारी नही? तर म्हणे, हाक कसाले मारू, मी तीन रिंगा देयेल शेत. भाऊ येई, नहीते कोणले तरी धाडी.”

काकू सांगत होत्या आणि त्यांच्या आवाजात मला दोष देणारं काही नव्हतं. त्यांनी रिक्षा बोलवायची म्हटलं तर अक्काने त्यांना अडवलं. भाऊला निरोप गेलाय, त्याने माणूस पाठवला आणि आपण इथे नसलो तर तो कुठे शोधेल, असं तिचं म्हणणं. काकूंनी तिला पाणी पाजलं, चहा दिला, पायाखाली गोधडीची घडी ठेवली. त्यांनी चार वेळा विनवलं. अक्का म्हणायची, थोडं थांबूत. शेवटी दिवा लावायची वेळ झाली, कुणी आलं नाही, तेव्हा ती कबूल झाली. तेव्हाही आधी काकूंना दिवा लावायला लावला, मग उठली.

सकाळी नऊ ते संध्याकाळ. तिने नऊला बटण दाबलं तेव्हा तिकडे आदली रात्र होती, आम्ही यजमानांच्या टेबलावर जेवत होतो, आणि मी माझा फोन सगळ्यांना दाखवत होतो. डॉक्टर म्हणाले, हाड पडल्यावरच मोडलं असणार, पण इतका वेळ असं बसायला नको होतं. यापुढे वॉकरशिवाय चालणं अवघड आहे. त्यांनी मला विचारलं, घरात फोन नव्हता का? मी म्हणालो, होता.

मी आत गेलो तेव्हा अक्का जागी होती. मला बघून तिचा चेहरा फुलला. मी तिचा हात धरला आणि तोंड उघडलं. खरं सांगतो, मी सांगणारच होतो. पण आधी ती बोलली.

“भाऊ, तठली बाई चांगली नही.”

कोण बाई, मी विचारलं.

“ती फोनमा बोलस ती. तू गया तव्हयपासून तीच फोन उचलस.”

मला आधी समजेना. मग समजलं. नऊ वर्षांत माझा नंबर एकदाही बंद नव्हता. बटण दाबायचं, एक रिंग ऐकायची, कापायचं, एवढंच तिला ठाऊक. नंबर बंद असल्यावर यंत्रातून बोलणारी ती बाई तिने जन्मात ऐकली नव्हती. मी परदेशी आहे, मोठ्या कामात आहे, तर भाऊने आपला फोन उचलायला एक बाई ठेवली आहे, असं तिने धरलं.

“घाई घाई बोलस,” अक्का सांगत होती. “इंग्रजीमा बोलस, मंग आखो काही बोलस. माले समजे ना. मंग मीच तिले रोज सांगं, बाई, भाऊले सांगजो, अक्का बरी शे, दिवा लायेल शे.”

सोळा दिवस. रोज संध्याकाळी दिव्यापाशी उभी राहून ती त्या बंद नंबरला खुशाली सांगत होती.

“त्या दिन बी तिले सांगं. तीन डाव सांगं. बाई, मी पडनू, भाऊले लवकर सांग.” मग तिने विचारलं, “तिनी निरोप दिधा नही ना तुले?”

माझ्या बायकोने माझ्याकडे बघितलं. तिला सिमचं माहीत होतं. कपाटातलं पाकीट तिला कालच सापडलं होतं, अक्कासाठी लुगडी काढताना. ती खिडकीकडे वळली.

“नाही,” मी म्हणालो. “नाही दिला.”

झालं. एवढ्यात माझं सगळं सांगणं संपलं. पुढे भेटायला गावचे लोक आले, त्या सगळ्यांना अक्का तेच सांगत राहिली. भाऊचा काही दोष नाही, भाऊला कळलं असतं तर तो विमानातून उडी मारून आला असता, ती फोनवरची बाईच कामाची नव्हती. काही जणांना काय झालं ते कळत होतं. ते माझ्याकडे न बघता उठून जायचे. मी प्रत्येक वेळी तिथेच बसलेला होतो आणि प्रत्येक वेळी गप्प राहिलो.

तिसऱ्या दिवशी मी पाकीट घेऊन शेठकडे गेलो. त्याने सिम काढलं, बोटावर घेतलं, खाचेत बसवलं. “अक्का कशी आहे?” त्याने विचारलं. बातमी बाजारात पोचली होती. बरी आहे, मी म्हणालो. तो मान हलवून दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. मला वाटत होतं की त्याने दोन शब्द सुनवावे. त्याने ती मेहरबानी केली नाही.

अक्का आता आमच्याकडे असते, त्याच घसरत्या फरशीवर. वॉकर धरून देवघरापर्यंत जाते. संध्याकाळी दिवा लावते आणि कमरेची पिशवी उघडून लाल ठिपक्याचं बटण दाबते. मी पलीकडच्या खोलीत असलो तरी दाबते. माझ्या खिशात एक रिंग वाजते आणि थांबते. ऑफिसात उशीर झाला असेल तर मीटिंगमध्ये वाजते. पडद्यावर ‘अक्का’ येतं आणि मी ते सगळ्यांना दिसू देतो. याने काही भरून निघत नाही, हे मला कळतं.

मागच्या आठवड्यात तिने रिंग दिली आणि मला आत बोलावलं. मला वाटलं पाय दुखतो आहे. ती पलंगावर बसून फोनकडे बघत होती.

“भाऊ, ती बाई आते बोलत नही.”

“नाही बोलत अक्का. आता मी इथेच आहे ना.”

“तू तिन्ही तक्रार कयी का?” तिच्या आवाजात धास्ती होती. “मी बठ्ठासले सांगत बसनू, बाई चांगली नही, बाई चांगली नही. तिन्ही नोकरी गई व्हई. तिले बी कितला लोकेसना निरोप ऱ्हातीन. एखादा इसरी गई व्हई. तिन्हा मांगे बी घर व्हई.”

मी म्हणालो, नाही, मी तक्रार केली नाही. तिची नोकरी आहे अजून.

अक्काचा जीव भांड्यात पडला. तिने फोन पिशवीत घातला, पिशवीची नाडी ओढली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, “मंग तू बी तिले माफ करी टाक. मी कधीनं करी टाकं.”

“बरं,” मी म्हणालो, आणि तिच्या पायावर पांघरूण घालून बाहेर आलो.